आई शुद्ध शाकाहारी, घराखाली हॉकर सेंटर: नेऊ की नको?

मृण्मयी_के (३ एप्रिल, रात्री ९:४०)

सिंगापूरला येऊन आठ महिने झाले. तोआ पायोत भाड्याने राहतो. लिफ्टने खाली उतरून दोनशे पावलं चाललं की हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे पुष्कळ स्टॉल. आठवड्यातले चार दिवस आमचं रात्रीचं जेवण तिथेच होतं, कारण दोघांनाही घरी यायला आठ वाजतात आणि त्यानंतर कणीक मळायची ताकद नसते. साडेचार डॉलरला चिकन राइस मिळतो, भांडी घासावी लागत नाहीत.

पुढच्या महिन्यात आईबाबा येताहेत, सांगलीहून, तीन आठवड्यांसाठी. बाबांची काळजी नाही, त्यांना सोमवार-गुरुवार सोडून सगळं चालतं. आई मात्र अंडंसुद्धा खात नाही. नवरा म्हणतो, खाली घेऊन जाऊ, खरं सिंगापूर तिथेच आहे. मला वाटतं आई वासानेच परत फिरेल.

तर नेऊ, की तीन आठवडे लिटल इंडियात डोसे खायला घालू?

शिवाय तिथले नियम मलाच अजून कळलेले नाहीत. मागच्या आठवड्यात एका रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट होतं. कुणी विसरलं असेल म्हणून बाजूला सरकवून बसले. एक आजी आल्या आणि जे बोलल्या ते हॉक्किएन ह्या चिनी बोलीत होतं, पण अर्थ सांगलीतही कळला असता.

बेडोकचा_बंड्या (३ एप्रिल, रात्री ९:५८)

ताई, ते पाकीट नव्हतं, सातबारा होता.

ह्याला इथे 'चोप' करणं म्हणतात. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो तेच. फरक इतकाच की आपल्याकडे रुमाल टाकूनही भांडण होतं. छत्री, पाण्याची बाटली, ऑफिसचं ओळखपत्र, काहीही चालतं. मी एकदा घाईत घराच्या किल्ल्या ठेवून रांगेत गेलो होतो. वीस मिनिटांनी आलो तर जागाही होती आणि किल्ल्याही.

शाकाहारी_वाघ (३ एप्रिल, रात्री १०:२५)

नेऊ नका. कडू वाटेल पण बारा वर्षं इथे काढल्यावर सांगतो, हॉकर सेंटरमधलं 'व्हेज' ही श्रद्धेची गोष्ट आहे.

नासी लेमाकचा भात नारळाच्या दुधातला, सुंदर. पण सोबत तळलेले सुके बोंबलासारखे इकान बिलिस, आणि सांबालमध्ये बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वडी. लाक्सा म्हणजे नूडल्सचं सार, त्यात सुकी कोळंबी वाटलेली असते. 'चार क्वे तिआव', म्हणजे तांदळाच्या चपट्या नूडल्स परतलेल्या, त्यांची चव येते डुकराच्या चरबीतून, आणि आत शिंपले. योंग तौ फूमध्ये भेंडी, मिरची, वांगं दिसतं म्हणून हरखून जाल. पोटात माशाचं सारण असतं. पराठ्याला 'प्राता' म्हणतात, त्याच्याबरोबर येणारी आमटी बहुतेकदा मटणाची किंवा माशाची.

आणि 'कॅरट केक'. पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या आशेने तो मागवला. त्यात गाजर नाही आणि तो केकही नाही. तांदळाच्या पिठात मुळा घालून उकडतात, त्याचे तुकडे अंड्यात परततात. समोरच्या माणसाला विचारलं, गाजर कुठे आहे? तो म्हणाला, व्हाइट कॅरट. म्हणजे मुळा. तेव्हापासून मी नावांवर विश्वास ठेवत नाही.

कोल्हापुरी_तडका (३ एप्रिल, रात्री १०:३१)

वाघ मुळ्यावर गेला.

अनुजा_सेंगकांग (४ एप्रिल, सकाळी ७:१५)

वाघोबा, यादी बरोबर, निष्कर्ष चूक. अहो, बहुतेक हॉकर सेंटरमध्ये एक तरी चिनी शाकाहारी स्टॉल असतो. तो तुम्ही बारा वर्षांत पाहिलाच नाही?

मृण्मयी, पाटीवर 'व्हेजिटेरियन' लिहिलेलं असतं, कुठे कुठे स्वस्तिकही दिसतं. हे बौद्ध परंपरेतले शाकाहारी. त्यांच्यातले कडक नेमाचे लोक कांदा-लसूणही वर्ज्य मानतात. माझ्या सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, त्यांची सोय मुंबईपेक्षा इथे चांगली झाली. तिथे 'बी हून' मागायचं. तांदळाच्या बारीक शेवया परतलेल्या, वर परतलेला कोबी, तळलेली सोयाच्या सायीची गुंडाळी, टोफू. सकाळी नाश्त्यालाही हेच खातात. अंड्याचं मात्र विचारून घ्यायचं, काही ठिकाणी वापरतात.

दोन सूचना. एक, तिथे गव्हाच्या सत्त्वापासून आणि सोयापासून केलेलं खोटं मांस असतं. खोटं बदक, खोटं डुक्कर, अगदी कातडीसकट. आईंना आधी सांगून ठेव, नाहीतर त्या ताट टाकून उठतील. दोन, चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी ह्या स्टॉलवर मारुतीच्या देवळासारखी रांग असते, कारण एरवी सगळं खाणारेही त्या दिवशी शाकाहार पाळतात. त्यांचा महिना चंद्रावर चालतो, म्हणजे हे दिवस साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेलाच येतात. कालनिर्णय बघून घराबाहेर पडायचं!

शाकाहारी_वाघ (४ एप्रिल, सकाळी ८:०२)

स्टॉल पाहिलाय. पण शेजारच्या टेबलावर कुणीतरी डुकराच्या बरगड्यांचं सूप भुरकत असतं, त्याचं काय?

अनुजा_सेंगकांग (४ एप्रिल, सकाळी ८:१०)

दुसऱ्याच्या ताटात बघत जेवू नये, हे तुम्हाला लहानपणी कुणी सांगितलं नाही?

कोल्हापुरी_तडका (४ एप्रिल, सकाळी ९:२०)

मी सिंगापूरला कधी आलो नाही, पण आमच्या रंकाळ्याजवळच्या गाडीवर 'सिंगापुरी नूडल्स' मिळतात. पिवळ्याधमक, मसालेदार. ते मागवा की. आईंना ओळखीचं वाटेल.

बेडोकचा_बंड्या (४ एप्रिल, सकाळी ९:३३)

तडकाभाऊ, तेवढंच इथे मिळत नाही. करी पावडर घातलेल्या त्या शेवया हाँगकाँगकडच्या कॅन्टोनीज स्वयंपाकघरांतल्या आहेत, सिंगापूरचं फक्त नाव. इथे हॉकरला 'सिंगापूर नूडल्स' मागितल्यात तर तो म्हणेल, ह्या सगळ्याच आहेत, कुठल्या देऊ?

कोल्हापुरी_तडका (४ एप्रिल, सकाळी ९:४०)

म्हणजे मांचुरियनसारखंच. ते म्हणे मुंबईत जन्मलं, १९७५ साली, नेल्सन वाँग यांच्या हातून, क्रिकेट क्लबात. मांचुरियाला पत्ता नाही. पण एक सांगा, तिथे तिखट काही मिळतं का? की सगळं आजारी माणसाचं?

पिनांगचा_पाहुणा (४ एप्रिल, दुपारी १२:५०)

तिखट, आंबट, खरं जेवण हवं असेल तर पूल ओलांडून मलेशियात या. सिंगापूरकर लाक्सा म्हणून नारळाच्या दुधाचं सार पितात. आमचा आसाम लाक्सा चिंचेतला, बांगड्याचा, वर पुदिना आणि काळी कोळंबी-चटणी. कोकणी माणसाला पहिल्या घोटात घर आठवतं.

आणि 'हॉक्किएन मी' ह्या नूडल्स म्हणजे काय ह्यावर तर बोलायलाच नको. पिनांगला कोळंबीच्या डोक्यांचा लाल रस्सा आणि त्यात नूडल्स. क्वालालंपूरला काळ्या सोया सॉसमध्ये परतलेल्या जाड नूडल्स. सिंगापूरला पांढुरक्या, रश्श्यात मुरवलेल्या. नाव एक, पदार्थ तीन. मिसळीवरून आपण पुणे-कोल्हापूर-नाशिक भांडतो ते ह्यांच्यापुढे काहीच नाही.

बेडोकचा_बंड्या (४ एप्रिल, दुपारी १२:५५)

पाहुणे, शाकाहारी आईसाठीच्या धाग्यात तुम्ही कोळंबीची डोकी आणलीत. :)

सेरांगूनचे_काका (४ एप्रिल, रात्री ८:३०)

मी १९९४ साली आलो. तेव्हाच्या मानाने आता सगळं महाग झालंय असं म्हणतात, पण बाहेरच्या रेस्टॉरंटशी ताडून बघितलं तर हॉकर सेंटर अजूनही गरिबाचं आणि साहेबाचंही आहे. माझ्या शेजारी टॅक्सीवाला आणि टाय लावलेला बँकेतला माणूस एकाच टेबलावर जेवतात. टेबल वाटून घेण्यात इथे कुणाला कमीपणा वाटत नाही.

पूर्वी हे सगळे रस्त्यावर होते. हातगाड्या, खांद्यावरच्या कावडी, बादलीत बुचकळलेल्या बश्या. १९६८-६९ मध्ये सरकारने सगळ्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ ह्या काळात सेंटरं बांधून त्यांना छपराखाली आणलं. नळ, गटार, वीज. रस्ते मोकळे झाले आणि धंदाही बुडाला नाही, कारण बहुतेक सेंटरं वस्तीतच, बाजाराला लागून बांधली. खाली मासळी-भाजी, बाजूला जेवण. २०२० च्या डिसेंबरात युनेस्कोनेही ह्या संस्कृतीची वारसा म्हणून नोंद घेतली. आपल्याकडे पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ साली झाला, पण दादरला अजून पालिकेची गाडी येताना दिसली की टोपल्या उचलून पळापळ.

मुलुंडकर (४ एप्रिल, रात्री ९:०५)

काका, पटलं नाही. छपराखाली आणलं की चव जाते. आमच्या स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्याला टाइल लावलेल्या खोलीत बसवा, गिऱ्हाईक फिरकणार नाही. धूळ हाही मसालाच आहे. (हलके घ्या.)

सेरांगूनचे_काका (४ एप्रिल, रात्री ९:४०)

चव छपराने जात नाही, माणूस गेला की जाते. आमच्या इथे एक चार क्वे तिआववाले होते. एका वेळी एकच प्लेट करायचे, कढईखालची आग कानाला लागायची. चाळीस मिनिटं थांबावं लागे. एक दिवस शटरवर कागद लागला, प्रकृतीमुळे बंद. मुलगा इंजिनियर. आता तिथे मोबाइलवर ऑर्डर घेणारा दुसराच स्टॉल आहे.

हॉकरांचं मधलं वय साठीच्या आसपास आहे. जुन्या पिढीला भाडं सवलतीचं, म्हणून त्यांना चार डॉलरमध्ये देणं जमतं. नव्याला लिलावात बोली लावून गाळा घ्यावा लागतो. २०२४ मध्ये मरीन परेडला एका गाळ्यासाठी महिना दहा हजार डॉलरच्या वर बोली गेली होती. तो माणूस चार डॉलरला प्लेट कशी विकणार? आपण खाताना स्वस्त म्हणतो, ते स्वस्त कुणाच्या तरी पहाटे चारला उठण्यावर उभं आहे.

अनुजा_सेंगकांग (४ एप्रिल, रात्री ९:५२)

काका, +१. पन्नास सेंट वाढवले की आपलेच लोक कुरकुरतात, आणि तेच लोक मॉलमध्ये सात डॉलरची कॉफी घेतात.

नीरजा_टी (५ एप्रिल, सकाळी १०:१०)

कॉफीवरून आठवलं. बाबांना इथली कॉफी पाजण्याआधी भाषा शिकवा. नुसतं 'कोपी' म्हटलं तर तळाशी कंडेन्स्ड मिल्कचा थर असलेला पेला येतो. साखर आणि मार्गरीन घालून भाजलेल्या बिया, कापडाच्या लांब पिशवीतून गाळलेली, कडक. 'कोपी ओ' म्हणजे दूध नाही, साखर आहे. 'कोपी सी' म्हणजे आटवलेलं दूध आणि साखर. 'कोसोंग' जोडलं की साखर गायब, 'सिउ दाई' म्हटलं की कमी गोड, 'पेंग' म्हणजे बर्फ. चहाला हेच सगळं, फक्त 'तेह'. मधुमेह असेल तर 'तेह सी कोसोंग' पाठ करून घ्या.

आपला आल्याचा चहा हवा असेल तर भारतीय मुसलमानांच्या स्टॉलवर 'तेह हालिया'. उंचावरून ओतून फेस आणतात. गोडी आधीच सांगा, नाहीतर बासुंदी येईल.

रोज जेवणाऱ्यांसाठीही थोडं: रस्सा सगळा पिऊ नका, मीठ त्यातच असतं. आणि 'चाय फान'च्या स्टॉलवर, म्हणजे जिथे पंधरा-वीस भाज्या मांडलेल्या असतात आणि आपण बोट दाखवतो, तिथे दोन भाज्या आणि एक टोफू घेतला तर घरच्यासारखं जेवण होतं. (शाकाहाऱ्यांनी तिथे जाऊ नये, वांग्यातही खिमा असतो.)

बेडोकचा_बंड्या (५ एप्रिल, सकाळी १०:२२)

चाय फानवाल्याचं गणित मला चौदा वर्षांत कळलेलं नाही. ताटाकडे एक नजर टाकतो आणि 'फोर एटी' म्हणतो. तेच ताट दुसऱ्या दिवशी 'फोर फिफ्टी'. एकदा मासा घेतला तर सरळ सात. दर विचारायचा नाही, पैसे ठेवायचे. आमच्या गावच्या वाण्याची वही अशीच होती.

मृण्मयीताई, अजून एक. जेवल्यावर ट्रे परत न्यायचा. सप्टेंबर २०२१ पासून सक्ती आहे, आधी समज देतात, मग दंड. हलालचं कपाट वेगळं आणि बाकीचं वेगळं, पाटी बघून ठेवा. आपल्याकडची 'राहू दे, पोऱ्या उचलेल' ही सवय बाबांना विमानतळावरच सोडायला सांगा.

मृण्मयी_के (५ एप्रिल, रात्री १०:००)

बाप रे, किती माहिती! सगळ्यांचे आभार. वाघ आणि अनुजा दोघांचंही पटतंय, म्हणजे पंचाईतच. खालच्या सेंटरमध्ये शाकाहारी स्टॉल आहे, आज बघून आले. आठ महिने त्याच्यासमोरून चिकन राइस घेऊन जात होते.

आईबाबा आले की लिहिते.

सेरांगूनचे_काका (६ एप्रिल, सकाळी ७:००)

लिटल इंडियाही वगळू नका. तिथल्या टेक्का सेंटरमध्ये पुटू मायम मिळतं, तांदळाच्या शेवया, नारळ आणि साखर. आईंना ओळख पटेल. रस्त्याच्या पलीकडे १९४७ सालचं कोमला विलास हे शाकाहारी उपाहारगृह. अवांतर: टेक्का सेंटरच्या आधी इथे जवळच जो बाजार होता त्याचं नाव कांडांग कर्बाउ, म्हणजे म्हशींचा गोठा. शेजारच्या प्रसूतिगृहालाही तेच नाव पडलं. आमची मुलगी तिथलीच. ती गोठ्यात जन्मली असं आम्ही तिला अजून चिडवतो.

मृण्मयी_के (२८ मे, रात्री ११:२०)

आईबाबा काल गेले. घर रिकामं वाटतंय म्हणून लिहायला बसले.

पहिल्या दिवशी काकांचं ऐकून लिटल इंडिया. आई जेवली, पण बाहेर पडल्यावर म्हणाली, "हे आपल्याकडे उडप्याकडे मिळतंच की. त्यासाठी विमानात बसले का मी?"

दुसऱ्या दिवशी खाली उतरलो. टिश्यूचं पाकीट ठेवायची पद्धत बाबांना समजावली. बाबा म्हणाले, पाकिटावर माझा विश्वास नाही. आणि स्वतःच टेबल धरून बसले. हलेचनात. तेवढ्यात मला ऑफिसचा फोन आला, मी खांबाआड गेले. बोलून परत येते तर आई बी हूनच्या रांगेत! चार माणसं पुढे, हातात मी दिलेली दहाची नोट. स्टॉलवरच्या बाई त्यांच्या भाषेत विचारत होत्या, आई बोट दाखवून "हे थोडं, ते थोडं, हे नको" असं स्वच्छ मराठीत सांगत होती. ट्रे घेऊन आली, सुट्टे पैसे मोजले आणि बाबांना म्हणाली, "सरका."

त्यानंतर मला काही करावंच लागलं नाही. मी ऑफिसला, ही दोघं साडेदहाला खाली. बाबा टेबल धरणार, आई रांग धरणार. त्या बाईंना ती 'ताई' म्हणते. ताई तिला मिरची वेगळ्या वाटीत देऊ लागल्या.

खोटं मांस आईने बोटाने ढकलून बाबांच्या ताटात टाकलं. बाबांनी ते गुरुवारीच खाल्लं आणि फार खूश झाले. तेह हालिया दिवसातून दोनदा. गरम तौ हुआय, म्हणजे सोयाचं ते थरथरणारं दही साखरेच्या पाकात, आईला इतकं आवडलं की विरजण कसलं घालतात ते विचारायला मला पाठवलं. जमलं नाही ते लेइ चा. चहाची पानं, पुदिना, तुळशीसारखी पानं वाटून केलेलं हिरवं सार भातावर. बाबा म्हणाले, ही आमटी आहे की काढा? बाजाराच्या मासळीच्या बाजूने जाताना आई पदर नाकाला लावायची, पण जायची. साफसफाईसाठी सेंटर दोन दिवस बंद होतं तेव्हा तिने रागाने थालीपीठं लावली.

एक कबुली. मलय स्टॉलवर सायुर लोदेह घेतलं, नारळाच्या दुधातली भाज्यांची पातळ भाजी. नुसत्या भाज्या दिसत होत्या. आईने दोन चमचे खाल्ले, म्हणाली, छान आहे, वेगळीच चव आहे. मग मला वाघ यांचा प्रतिसाद आठवला आणि मी वाडगा माझ्याकडे ओढला. तिला अजून सांगितलेलं नाही. ती इथे वाचत नाही. कृपया कुणी धागा पुढे पाठवू नका.

शाकाहारी_वाघ (२८ मे, रात्री ११:४५)

वेगळी चव सुक्या कोळंबीची. मी सांगितलं होतं.

सांगू नका. मी माझ्या आईला २०१५ पासून सांगितलेलं नाही.

नीरजा_टी (२९ मे, सकाळी ७:३०)

वाघ, तुम्ही? :)

अनुजा_सेंगकांग (२९ मे, सकाळी ८:१५)

मृण्मयी, मस्त लिहिलंस. त्या तीन आठवड्यांत संकष्टी आली असेल ना? तेव्हा काय केलंस?

मृण्मयी_के (२९ मे, रात्री ९:१०)

आली ना. खालच्या गोडाच्या स्टॉलवर सागो गुला मलाका मिळालं: साबुदाणा, नारळाचं दूध, माडाचा काळा गूळ. आई म्हणाली, हे तर उपासाचंच आहे. बर्फ काढायला लावून खाल्लं. पण त्यात पांदानचं पान उकळलेलं असतं. ते उपासाला चालतं का, ह्यावर घरी अजून वाद चालू आहे, कारण बाबांनी तेव्हाच शंका काढली होती.

पिनांगचा_पाहुणा (२९ मे, रात्री ९:२५)

पांदान म्हणजे आपण भातात बासमतीचं पान घालतो तेच. केवड्याच्या कुळातलं. केवडा देवाला चालतो, मग पोटाला का नाही?

सेरांगूनचे_काका (२९ मे, रात्री ९:५०)

केवडा महादेवाला वर्ज्य आहे, पाहुणे. संकष्टी गणपतीची म्हणून चालून जाईल. आणि शंका काढायचीच तर साबुदाण्यावर काढा. आपला सेलमकडचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा. इथे मूळचा सागो माडासारख्या झाडाच्या गाभ्यातला. कंद उपासाला चालतो, झाडाचा गाभा चालतो का ते आधी ठरवा.

मृण्मयी_के (२९ मे, रात्री ९:५८)

काका, हे बाबांना कळवते आहे. उद्या सकाळी सांगलीहून फोन येईल.

बेडोकचा_बंड्या (२९ मे, रात्री १०:०४)

फोनवर विचारून घ्या, त्या ताईंच्या स्टॉलची सुट्टी कुठल्या वारी असते? रविवारी येतोय मी तोआ पायोला.